कॉम्प्युटर मोठा हवा की कात्री धारदार?

सध्या ‘क्वांटम’ची हवा जोरात आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, सहा हजार कोटींहून जास्त रुपयांची. त्याआधी 2015 मध्ये 4,500 कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं. पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ बसला. मशीन हवीतच, त्याबद्दल भांडण नाही. पण ‘कॉम्प्युटर तगडा झाला की नवी औषधं पटापट सापडतील’ असं जे सर्रास बोललं जातं, त्याचा हिशेब एकदा मांडून बघायला हवा.

औषधाचा रेणू शरीरातल्या प्रथिनाला कितपत घट्ट चिकटेल, हे प्रयोगाआधी गणिताने काढायचं असेल तर इलेक्ट्रॉनांचा हिशेब करावा लागतो. आणि इलेक्ट्रॉन म्हणजे गर्दीच्या लोकलमधले प्रवासी. एक सरकला की सगळे सरकतात. 1929 मध्येच पॉल डिरॅक यांनी लिहून ठेवलं होतं की केमिस्ट्रीमागचे मूळ नियम आता कळले आहेत, अडचण आहे ती समीकरणं सोडवण्याची. पुढे वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांनी त्यासाठी पद्धती दिल्या, 1998 चं नोबेल मिळवलं. तरी अडचण संपली नाही. अचूकतेत जिला ‘गोल्ड स्टँडर्ड’ म्हणतात, त्या कपल्ड क्लस्टर पद्धतीत रेणू दुप्पट केला की काम दोनाच्या सातव्या घाताने वाढतं. म्हणजे 128 पट! छोट्या रेणूला एक तास लागला, तर दुप्पट रेणूला पाच दिवसांहून जास्त.

आता हेच उलटं करा. समजा, कुणी तुम्हाला हजारपट वेगवान कॉम्प्युटर फुकट दिला. तेवढ्याच वेळात किती मोठा रेणू सोडवता येईल? आधीच्या पावणेतीन पटही नाही. माझ्यासारख्या मास कॉमवालीने हे कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं. उत्तर तेच.

मग करायचं काय? याचं एक झकास उत्तर पुण्यातच मिळालं होतं. पुणे विद्यापीठातले प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ ही पद्धत मांडली. नावातच शिंपी आहे. मोठा रेणू एकदम हातात घ्यायचाच नाही. त्याचे तुकडे कापायचे, पण शेजारचे तुकडे कडेला एकमेकांवर येतील असे. कापलेल्या टोकाला हायड्रोजन लावून टाका घालायचा. प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि जो भाग दोनदा मोजला गेला तो वजा करायचा. ओळखीचं वाटतंय? नववीतला संचांचा धडा! दोन संचांतले समाईक घटक आपण असेच वजा करायचो.

हे चालतं, कारण इलेक्ट्रॉनवर प्रभाव मुख्यतः जवळच्या शेजाऱ्यांचा असतो. लांबच्यांचं त्याला फारसं पडलेलं नसतं. फायदा किती? ढोबळ हिशेब करू. 100 अणूंचा रेणू 20-20 अणूंच्या दहा तुकड्यांत सोडवला, तर सातव्या घाताच्या नियमाने काम हजारो पटींनी कमी होतं. समाईक भागांचं वेगळं गणित धरलं तरीही. शिवाय तुकडे वेगवेगळ्या साध्या मशीनवर एकाच वेळी चालवता येतात.

अर्थात कात्री सगळीकडे चालत नाही. ग्राफिनसारख्या पदार्थात किंवा धातूत इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरलेले असतात. तिथे कापलं की उत्तर बिघडतं. कुठे कापायचं हे ठरवण्यातच खरं डोकं लागतं. जर्मनीत फ्रँक नीझ यांच्या गटाने वेगळी वाट धरली. रेणू अख्खा ठेवायचा, पण इलेक्ट्रॉनांच्या ज्या जोड्यांचा परिणाम नगण्य आहे त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही. त्या जोरावर 2013 मध्ये त्यांनी क्रॅम्बिन या 644 अणूंच्या प्रथिनाचं गणित जवळपास गोल्ड स्टँडर्डच्या तोडीने केलं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की मशीनच्या बजेटसोबत अशा पद्धती शोधणाऱ्या माणसांचं बजेटही दिसायला हवं. आणि ती माणसं तयार होणार कुठे? आपल्याकडे केमिस्ट्रीवाल्याला मॅथ्स नको असतं, कोडिंगवाल्याला केमिस्ट्री नको असते आणि टाइमटेबल दोघांची गाठ पडू देत नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरवरची केमिस्ट्री एक प्रॅक्टिकल म्हणून सगळीकडे यायला काय हरकत आहे? खर्चाचं कारण चालणार नाही. ‘साय-फोर’ आणि ‘पाय-एससीएफ’ ही सॉफ्टवेअर्स मोफत आहेत, नीझ यांचं ‘ओर्का’ही शिक्षणासाठी मोफत मिळतं.

तोवर कॉलेजची वाट बघू नका. पाण्याच्या एका रेणूपासून सुरुवात करा. साध्या लॅपटॉपवरही उत्तर लगेच येतं. मग दोन रेणूंचा गुच्छ घ्या, मग चार, मग आठ. घड्याळ लावा, प्रत्येक वेळ वहीत लिहा. ज्या रात्री लॅपटॉप गरम होऊन पंखा ओरडायला लागेल आणि सकाळपर्यंत उत्तर येणार नाही, तिथून तुकडे करायला घ्या.