आधी नामाची मोजणी, मग आर्टिकल : मराठी माध्यमातील इंग्रजी शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, तसेच पाठ्यपुस्तके, शिक्षक-प्रशिक्षण व मूल्यमापन यांची जबाबदारी असलेल्या यंत्रणा

विषय : इंग्रजी व्याकरणात नामांची गणनीयता आणि डिटर्मिनर शिकवण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत

महोदय,

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरी दहावीतल्या एकाच मुलाच्या वहीत ‘आय हॅव बुक’ आणि ‘ही गेव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ ही दोन्ही वाक्ये सापडतात. हवे तिथे आर्टिकल नाही, नको तिथे आहे. गंमत अशी की ‘अ, अ‍ॅन, द’चे नियम याच मुलाला घडाघडा येतात. नियम लावायचा तर आधी नाम मोजता येणारे आहे की नाही हे कळावे लागते, आणि ते त्याला शब्द शिकवताना कोणी सांगितलेले नसते. एकवचनी गणनीय नाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही; त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ असा एखादा डिटर्मिनर लागतो. हे एक वाक्य पक्के झाले तर निम्म्या लाल खुणा कमी होतील, असे आम्हाला वाटते.

म्हणून पहिली मागणी शब्दसूचीबद्दल आहे. पाठाखाली नुसते ‘अ‍ॅडव्हाइस : सल्ला’ छापू नये. नाम गणनीय आहे की अगणनीय, याची खूण शेजारी असावी. ही कल्पना आमची नव्हे. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली जपानमध्ये जो विद्यार्थी-कोश काढला, त्यात नामांना अशा खुणा होत्या. पुढे तोच ऑक्सफर्डचा प्रसिद्ध कोश झाला. जपानी भाषेतही आर्टिकल नाही, तेव्हा त्या वर्गांची अडचण आपल्या वर्गांपेक्षा फार वेगळी नसणार.

दुसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते : शिक्षक हस्तपुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी मोजणीचा शेजारी-शेजारी तक्ता द्यावा. आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो, म्हणून मूल ‘अ‍ॅडव्हायसेस’ आणि ‘टू न्यूजेस’ लिहिते. ‘माझे केस गळतात’ याचे ‘माय हेअर्स’ होते. आपल्याकडे एक पोलीस येतो, इंग्रजीत ‘पोलीस’ अनेकवचनी चालतो. चष्मा, कात्री, पायजमा आपल्याला एकेक, इंग्रजीला मात्र अनेकवचनी. उलट गहू आणि तांदूळ आपण अनेकवचनात निवडतो, तर ‘व्हीट’ आणि ‘राइस’ मोजलेच जात नाहीत. या चुकांमागे मराठीचे चोख तर्कशास्त्र आहे. त्यांना निष्काळजीपणा म्हणून गुण कापण्यापेक्षा ते तर्कशास्त्र फळ्यावर मांडावे.

याच तक्त्यात मोजणीचे शब्दही यावेत. साबणाची वडी, कागदाचा ताव, लसणाची पाकळी, गुळाची ढेप, मेथीची जुडी हे वाण्याकडे आणि मंडईत जाणाऱ्या मुलाला शिकवावे लागत नाही. ‘अ बार ऑफ सोप’, ‘अ शीट ऑफ पेपर’, ‘अ क्लोव्ह ऑफ गार्लिक’ ही त्याच घडणीची रूपे आहेत. पण ती सहसा पाठांतराची यादी म्हणून येतात आणि चाचणी संपली की विसरली जातात. अर्थात हा पूल सगळीकडे पोचत नाही. ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’साठी मराठीत तसा शब्द नाही, कारण सल्ला आपण थेट मोजतो. हस्तपुस्तिकेने हे स्पष्ट सांगावे, ओढूनताणून साम्य दाखवू नये.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हा प्रश्न देवनागरीने पाच मिनिटांत सुटतो. पाच स्वराक्षरांचा नियम शिकवला की मूल ‘अ‍ॅन युनिफॉर्म’ लिहिणारच. तोच शब्द जसा ऐकू येतो तसा मराठीत लिहायला सांगा : युनिफॉर्म ‘य’ने सुरू होतो, अवर ‘अ’ने, एमएलए ‘ए’ने. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’. पाठ्यपुस्तकात देवनागरीचा असा आधार घ्यायला संकोच का असावा, हे आम्हाला समजत नाही.

डिटर्मिनरचा क्रमही शिकवावा. ‘माझा तो मित्र’ मराठीत बिनचूक आहे, म्हणून ‘माय दॅट फ्रेंड’ लिहिले जाते. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या व्याकरणात डिटर्मिनरच्या तीन जागा मांडल्या आहेत : ‘ऑल, बोथ’ आधी, ‘द, माय, दॅट’ मध्ये, ‘मेनी, फ्यू’ आणि संख्या शेवटी. मधल्या जागेत एकच शब्द बसतो, म्हणून ‘दॅट फ्रेंड ऑफ माइन’. आपल्या वर्गांत मात्र अजूनही आर्टिकल विशेषणांच्या धड्यात शिकवले जाते. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ दोन्हींना ‘थोडे’ म्हणून मोकळे होण्याची सवयही मोडायला हवी. पहिल्यात ‘फारसे नाहीत’ अशी तक्रार असते, दुसऱ्यात ‘आहेत काही’ असा दिलासा.

परीक्षेबद्दल. ‘आय सॉ — डॉग’ अशा सुट्या वाक्यात ‘अ’ही बरोबर, ‘द’ही बरोबर, कुत्रे आधी ओळखीचे होते का, यावर ते ठरते. उत्तरसूचीत मात्र एकच उत्तर असते. रिकाम्या जागा सलग उताऱ्यात द्याव्यात, आणि सुटे वाक्य दिलेच तर व्याकरणाने मान्य होणारे प्रत्येक उत्तर ग्राह्य धरावे. प्राथमिक वर्गांच्या तोंडी परीक्षेत आर्टिकल सुटले म्हणून गुण कापू नयेत. बोलायला लागलेले मूल त्या भीतीने गप्प होते.

प्रशिक्षणात या विषयासाठी किमान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि तो वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांनी घ्यावा. तक्त्याचा कच्चा मसुदा आम्ही विनामोबदला करून देऊ. पाठ्यपुस्तकांच्या पुढील पुनर्मुद्रणापूर्वी प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर मिळावे. एखादी मागणी अमान्य असल्यास तिचे कारणही कळवावे.

आपले,
मराठी माध्यमाच्या शाळांतील इंग्रजी विषय शिक्षक संघटनेच्या वतीने,
अध्यक्ष व कार्यवाह