कानाला गोड की कानाला खरे?

मलकपेठेत राहणाऱ्या माणसाने ध्वनिमुद्रणाचा नाद लावून घेऊ नये, असे माझे एक स्नेही नेहमी म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एका अंगाने फलकनुम्याकडे जाणारी लोकल, दुसऱ्या अंगाने उंच खांबांवरून धावणारी मेट्रो, चादरघाटाच्या बाजूने येणाऱ्या वाहनांचा ओघ, आणि रेसकोर्सवर शर्यतीचा दिवस असला म्हणजे आणखीच गर्दी. अशा ठिकाणी शांतता विकत घ्यावी लागते, आणि ती विकत घेण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हेडफोन.

हेडफोन मुख्यतः दोन जातींचे. एकाच्या वाट्या मागून जाळीदार, उघड्या, दुसऱ्याच्या बंद. उघड्या वाटीत आवाज मोकळा वाटतो हे खरे. पण आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे टिपावयाचे असेल तर असा गळालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनात शिरतो. म्हणून मुद्रणाच्या वेळी बंद वाटीचाच हेडफोन लागतो. पूर्वी ही वस्तू आकाशवाणीच्या केंद्रात किंवा चित्रपटांच्या स्टुडिओत दिसे. आज साधारण पाच ते पंधरा हजार रुपयांत ती चांगली मिळते, आणि कीर्तने, व्याख्याने, गाणी, आजीच्या गोष्टी टिपून ठेवणारी मंडळी ती घेऊ लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ती घेताना पारख कशाची करावी, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी आत्या मूळची परभणीची. लग्न होऊन ती हैदराबादेत आली तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये भाषेप्रमाणे विभागली गेली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि इकडची मराठी घरे इकडेच राहिली. आत्याची मराठी त्यामुळे अशी झाली होती, की पुण्याच्या माणसाने दोनदा विचारावे. 'कलम' हा शब्द ती दखनी वळणाने 'ख़लम' असा घशातून उच्चारी. मराठीतून दखनीत गेलेले 'नक्को' ती दखनीतून पुन्हा मराठीत आणी. तिच्या ओव्या, घरचे रीतिरिवाज आणि रझाकारांच्या दिवसांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात असे मी ठरविले, आणि कोठीच्या गुजराती गल्लीत जाऊन एक बंद वाटीचा हेडफोन घेतला.

दुकानदाराने चित्रपटातले एक गाणे लावले. ठेका कानात घुमला, झांजा चमकल्या, मी खूष झालो. पाच मिनिटांत सौदा झाला. तो कोणत्या कंपनीचा होता हे सांगण्यात अर्थ नाही. दोष मालाचा कमी आणि गिऱ्हाइकाच्या पारखीचा अधिक होता.

तो हेडफोन खर्ज फुगवून ऐकवी. आत्याचा आवाज मुळातच भरदार. माझ्या कानांत तो रांजणातून आल्यासारखा वाटू लागला. मी संगणकावर खालचे स्वर कापीत गेलो, आणि आता ठीक झाले असे समजून मूळ मुद्रण पुसून टाकले. दुसरे असे, की त्याची पकड सांडशीसारखी होती. मला चष्मा आहे. वीस मिनिटांत चष्म्याच्या काड्या कानशिलांत रुतू लागल्या. "डोकं दुखतंय का रे? काढ की मग ते," असे आत्याच म्हणाली, आणि मी हेडफोन गळ्यात अडकविला. पुढे तासभर, पदराला लावलेल्या त्या इवल्याशा मायक्रोफोनवर पदर घासत राहिला, आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही.

आत्याला जाऊन आता चार वर्षे झाली. ते मुद्रण आज चांगल्या स्पीकरवर लावले, तर पत्र्याच्या डब्यातून बोलणारी कोणी परकी बाई ऐकू येते, आणि विसाव्या मिनिटानंतर तिच्या बोलण्यावर पदराची खसखस. शब्द कळतात, आत्या सापडत नाही.

या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की कामाचा हेडफोन कानाला गोड लागतो की नाही हे पाहूच नये. तो खरे सांगतो की नाही हे पाहावे. आणि तो डोक्यावर सुखाने बसतो की नाही, हा प्रश्न आवाजाहून वेगळा मानू नये. जो वीस मिनिटांनी काढून ठेवावा लागतो, तो कितीही खरे बोलला तरी ऐकणार कोण?

आता खरे-खोटे ठरवावयाचे कसे? त्यासाठी मूळ हाताशी हवे. चित्रपटगीताचे मूळ तुम्ही-आम्ही कोणीच ऐकलेले नसते. ते स्टुडिओतच घडलेले असते. आपल्याला पुरते माहीत असलेले मूळ एकच, ते म्हणजे घरच्या माणसाचा आवाज. आईला, बायकोला किंवा मुलाला पाच मिनिटे बोलते करावे, ते टिपून घ्यावे, हेडफोनवर ऐकावे, आणि लगेच काढून त्याच माणसाला पुन्हा बोलावयास सांगावे. आपली मराठी या परीक्षेला फार उपयोगी पडते. 'चार'मधला च आणि 'चोर'मधला च वेगळा; म्हातारपण या अर्थाची 'जरा' आणि थोडे या अर्थाचे 'जरा' लिहिताना एक, बोलताना दोन. हे भेद ऐकू आलेच पाहिजेत. पण 'स' आणि 'श' यांनी कानाला टोचताही कामा नये. घरात तानपुरा असेल तर त्याचा खर्ज ऐकावा. तारेचा मूळ स्वर आणि जवारीमुळे उमटणारी झणक ही दोन्ही एकाच तारेची वाटली, तर हेडफोन प्रामाणिक आहे. नुसता घुमारा किंवा नुसती झणक पुढे आली, तर तो आपल्या पदरचे काही घालतो आहे.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे. शिवाय वाटी कानाभोवती नीट मिटली आहे की नाही, हेही पाहावे. वाट्या तळहातांनी हलकेच दाबाव्यात. दाबताच खर्ज वाढला, तर कोठे तरी फट आहे असे समजावे. ही फट बहुधा चष्म्याच्या काडीपाशी असते. म्हणजे एकच हेडफोन चष्मेवाल्याला पातळ आणि बिनचष्म्याला भरदार वाटू शकतो. मग दुसऱ्याच्या शिफारशीवर किती विसंबावे?

कोणी म्हणतील, हल्ली प्रत्येक हेडफोनचे आलेख प्रसिद्ध होतात, ते पाहून घ्यावे. आलेख जरूर पाहावेत. पण ते कृत्रिम कानावर काढलेले असतात. त्या कानाला चष्मा नसतो, घाम नसतो, आणि दोन तास बसून आत्याच्या गोष्टी ऐकावयाच्या नसतात. सुखाचा हा प्रश्न हेडफोनइतकाच जुना आहे. अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून तेथील नौदलाला दिले, तेव्हा आवाजाची वाहवा झाली. परंतु ते डोक्यावर फार वेळ घालवत नाहीत अशी तक्रार आली, आणि त्यांना डोक्यावरचा पट्टा नव्याने करावा लागला. आमच्या हैदराबादेत तर एप्रिल-मे महिन्यांत पंखाही बंद ठेवून मुद्रण करावे लागते. कृत्रिम चामड्याची गादी बाहेरचा आवाज चांगला अडवते, पण घामाने चिकटते आणि काही वर्षांत तिचे पापुद्रे निघतात. मखमली गादी थंड राहते, पण तिच्यातून थोडा आवाज झिरपतो. म्हणून गादी बदलता येते का, हे विचारून घ्यावे. मात्र गादी बदलली की आवाजही थोडा बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

या किमतीत जी नावे वारंवार पुढे येतात त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बाजारात आहे. तो हलका आहे, आणि मुद्रणातले बारीकसारीक दोष तो चहाडखोरासारखा लगेच सांगतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स माणसाच्या आवाजाला बराच समतोल आहे. सेन्हायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा गोंगाट चांगला अडवतो, पण त्याची पकड घट्ट असते. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची गादी मखमली, दीर्घ बैठकीला सुखाची. त्याचे वरचे स्वर मात्र धारदार. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो; मोबाइलवर वापरावयाचा असेल तर २५० च्या वाटेला जाऊ नये, आवाज पुरणार नाही. यांतला कोणता उत्तम, हे मी सांगणार नाही. तुमचे डोके आणि तुमचा चष्मा सांगेल.

किमतीविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा किंमत आणि स्वरांचा समतोल यांचा मेळ काही बसला नाही. म्हणजे आपल्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या माणसाने मन लहान करण्याचे कारण नाही. जास्त पैसे देऊन जडणघडण चांगली मिळेल, पट्टा टिकाऊ मिळेल. सत्य मिळेलच असे नाही. एक पथ्य मात्र पाळावे. बंद वाटी आहे म्हणून आवाज वाढवू नये. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा आहे. रस्त्याची खोल घरघर बंद वाटीतूनही थोडी आत येते. तिच्यावर मात करावयास गेलो तर कान जातील.

आता मुद्द्याचे. आत्याच्या पिढीची मराठी बोलणारी माणसे या शहरात अजून आहेत; मलकपेठेत आहेत, काचीगुड्यात आहेत, सुलतान बाजारात आहेत. त्यांचे बोलणे टिपण्याची इच्छा असलेली नातवंडेही आहेत. पण एकदा वापरण्यासाठी दहा हजारांची वस्तू कोण घेणार? इसामिया बाजारातील मराठी ग्रंथ संग्रहालय, शंभरी ओलांडलेली विवेक वर्धिनी, यांसारख्या आपल्या संस्थांनी दोन-तीन चांगले, हलके, बंद वाटीचे हेडफोन आणि एक साधे मुद्रणयंत्र घेऊन ठेवावे, आणि पुस्तकासारखे आठ दिवसांसाठी घरी द्यावे. सोबत एक चिठ्ठी द्यावी: मुद्रण संपेपर्यंत हेडफोन काढू नये, आणि मूळ कधीही पुसू नये. मला ही चिठ्ठी कोणी वेळेवर दिली नाही.