सिंधुबंदी मनातून उठलेली नाही

१ फेब्रुवारी हा भारतीय तटरक्षक दलाचा स्थापना दिन. २०१६ साली नेमक्या याच दिवशी पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली होती. शंभराहून अधिक तरुण-तरुणी होत्या. त्यांतील चौदा जण जिवंत परतले नाहीत. ज्या दलाने त्या दिवशी आपला वर्धापन दिन साजरा करावयाचा, त्याला नौदलाच्या बरोबरीने पुण्याच्या मुलांचे मृतदेह शोधण्यासाठी समुद्रात उतरावे लागले. पुढचे चार दिवस पुणे हळहळले. पाचव्या दिवशी पुढच्या शनिवार-रविवारच्या सहलींचे बेत सुरू झाले.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या मोजून दाखविल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत आज कोणी बाळगीत नाही. पुण्याच्या कोणत्याही पेठेत अशी दहा घरे सापडतील की ज्यांची मुले सातासमुद्रापार स्थिरावली आहेत. पण बेडी पायातून निघाली म्हणजे ती मनातून निघाली असे होत नाही. समुद्र म्हणजे छायाचित्राची पार्श्वभूमी, मासळीचे ताट आणि दिवाळीच्या सुट्टीतील दोन दिवस, यापलीकडे देशावरच्या मध्यमवर्गाचे समुद्राशी नाते नाही. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, होडी किती माणसांची, तिचा परवाना कोणी दिला, संकटात हाक कोणाला मारायची, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर ताम्हिणी घाट उतरणाऱ्या शंभर गाड्यांतील किती कुटुंबांना देता येईल?

हे अज्ञान जुने आहे, आणि त्याची किंमत या शहराने इतिहासातही मोजली आहे. पुण्याच्या जहागिरीत वाढलेल्या शिवछत्रपतींना समुद्र वारशाने मिळालेला नव्हता. तरीही त्यांनी आरमार उभे केले, १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६७९ साली मुंबईच्या तोंडावर खांदेरीचा तट बांधून इंग्रजांची झोप उडविली. त्यानंतर शंभर वर्षेही उलटली नव्हती, तोच १७५६ साली पुण्याच्या सत्तेने इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्गाला वेढा घातला आणि आंगऱ्यांचे आरमार भस्मसात झाले. तुळाजी आंगऱ्यांचे दोष कोणते होते याची चर्चा इतिहासकारांनी भरपूर केली आहे, आणि ते दोष होतेही. परंतु घरातील भाऊबंदकी मिटविण्यासाठी घराची समुद्राकडील भिंतच पाडावी, हा निर्णय ज्यांनी समुद्र कधी आपला मानला नाही अशांनाच सुचू शकतो.

तटरक्षक दल म्हणजे नक्की काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. कोणी त्याला समुद्रावरचे पोलीस समजतात, कोणी नौदलाची दुय्यम शाखा. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची आणि चैनीच्या वस्तूंची चोरटी आयात बेफाम वाढली होती. तिला आवर घालणे एकट्या सीमाशुल्क खात्याच्या आवाक्यात राहिले नव्हते. त्यात १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले आणि १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताचा हक्क प्रस्थापित झाला. हक्क सांगायचा तर राखणदार हवा. के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वतंत्र दलाची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका घेऊन हे दल हंगामी स्वरूपात सुरू झाले आणि ऑगस्ट १९७८ मध्ये संसदेच्या कायद्याने ते कायमचे झाले. ‘वयं रक्षामः’ हे त्याचे ब्रीद. ते संरक्षण मंत्रालयाच्या अधीन असलेले सशस्त्र दल आहे. मच्छीमारांना संकटात मदत करणे, समुद्रातील तेलविहिरींचे रक्षण, प्रदूषणाला प्रतिबंध, चोरट्या व्यापाराविरुद्ध सीमाशुल्क खात्याला साहाय्य आणि समुद्रावरील जीवित-वित्ताची सुरक्षितता ही त्याची कायद्याने ठरलेली कर्तव्ये आहेत. संशयित नौका थांबविणे, तिची झडती घेणे, तिच्यावरील माणसांना ताब्यात घेणे हे अधिकार त्याला आहेत. समुद्रात अडकलेल्या कोणालाही त्याच्या शोध व बचाव केंद्राशी १५५४ या क्रमांकावर विनामूल्य संपर्क साधता येतो. पुण्यात शंभर, एकशे एक, एकशे आठ हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. १५५४ किती जणांना ठाऊक आहे?

येथपर्यंत सारे स्वच्छ आहे. गोंधळ सुरू होतो तो किनारा जवळ आला की.

किनाऱ्यालगतच्या पाण्यात गस्त सागरी पोलिसांची. मासेमारी नौकेचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा. प्रवासी होडीचा परवाना आणि धक्का महाराष्ट्र सागरी मंडळाचा. माल आला की सीमाशुल्क खाते. मोठ्या बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरण. १२ सागरी मैलांपलीकडे तटरक्षक दल, आणि सर्वांच्या वर नौदल. १९९३ साली शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि स्फोटके उतरली ती याच फटींतून. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मारली गेली, आणि किनारा राखण्यासाठी वेतन घेणाऱ्या काही सीमाशुल्क व पोलीस अधिकाऱ्यांना न्यायालयाने पुढे दोषी ठरविले. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून, तिच्या तांडेलाचा गळा चिरून आलेले दहा दहशतवादी रबरी होडीतून मच्छीमार नगरच्या किनाऱ्याला लागले. १६६ बळी गेल्यावर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दिल्लीला सुचले की जबाबदारी कोणा एकाकडे असावी. सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आणि किनारी पाण्यातील सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे देण्यात आली. रडारांची साखळी आली, मच्छीमारांना ओळखपत्रे आली, नौकांना रंग ठरवून दिले गेले.

मग फटी बुजल्या काय? ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचे मालवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले हे बेवारस जहाज महिनाभर तरंगत तरंगत देशाच्या आर्थिक राजधानीच्या चौपाटीवर पोहोचले, आणि ते किनाऱ्याला लागेपर्यंत कोणत्याही यंत्रणेने त्याला हटकले नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला तीन एके-४७ बंदुका असलेली नौका वाहत आली. तीही जूनमध्ये ओमानकडील समुद्रात सोडलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून मालकाच्या जाचाला कंटाळून पळालेले तिघे भारतीय कामगार एका होडीतून थेट मुंबईच्या दारापर्यंत आले. पोलिसांच्या गस्ती नौकेने त्यांना अडविले खरे, पण गेटवे नजरेच्या टप्प्यात आल्यावर. समुद्र अफाट आहे, प्रत्येक लाटेवर पहारा ठेवता येत नाही, असे उत्तर यावर दिले जाते. ते अर्धसत्य आहे. जहाज म्हणजे लाट नव्हे. या तिन्ही प्रसंगी येणारे निरुपद्रवी निघाले, हे दैवाचे उपकार आहेत, यंत्रणेचे नव्हेत.

या पहाऱ्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू डोळा आहे तो कोळी बांधवांचा. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. पोहत किनारा गाठलेल्यांनी सांगितले तेव्हा, सायंकाळी, मुंबईला कळले. तोपर्यंत जे वाचले त्यांतील कितीतरी जणांना रेवसच्या बाजूने येणाऱ्या कोळ्यांनी वाचविले होते. होड्यांतील मासळी समुद्रात लोटून त्यांनी माणसे भरली, ही हकिकत अलिबागकडे अजून सांगितली जाते. या समाजाला कागदपत्रांसाठी चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावयास लावायचे आणि परिसंवादात मात्र त्याला ‘सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान’ म्हणून गौरवायचे, हे ढोंग थांबले पाहिजे.

परक्याच्या हल्ल्यावर संतापणे सोपे असते. आपल्याच बेपर्वाईवर संतापणे अवघड जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या एका वेगवान नौकेने धडक दिली. त्या नौकेच्या नव्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जणांचे प्राण गेले. त्यांत नौदलाच्या नौकेवरील माणसेही होती. गजबजलेल्या प्रवासी मार्गावर चाचणी का, हा प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अवमान नव्हे. गणवेशावर ज्यांचे प्रेम आहे त्यांनीच तो प्रथम विचारला पाहिजे. परंतु दुसरा प्रश्नही तितकाच टोचणारा आहे. बोटीवर परवान्यापेक्षा अधिक माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. दुर्घटनेनंतर जॅकेट सक्तीचे झाले. ती सक्ती लागू होण्याआधी पंधरा चिता पेटाव्या लागल्या. २०१८ च्या जानेवारीत डहाणूला विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खुद्द शिवस्मारकाच्या कामासाठी निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली आणि एका तरुणाचा बळी गेला. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर झाली, आणि प्रत्येक वेळी जॅकेटची आठवण आली ती नंतर.

जॅकेट घालायला सांगितले की सुशिक्षित पर्यटकाचे उत्तर ठरलेले असते: उकडते, घाण वास येतो, साडी चुरगळते, फोटो चांगला येत नाही. ‘मला पोहता येते’ हे तर पुरुषी उत्तर. टिळक तलावातील पोहणे आणि खवळलेल्या पाण्यात, कपड्यांसकट, डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत तरंगणे यांत जो फरक आहे, तो लाटेला समजावून सांगता येत नाही. बाकाखाली बांधून ठेवलेले जॅकेट बोट उलटल्यावर बोटीबरोबरच जाते. तांडेलाने ‘आणखी चौघे बसतील’ म्हटल्यावर जो गृहस्थ उतरून पुढच्या फेरीसाठी थांबत नाही, तोही त्या गुन्ह्यातील भागीदार असतो.

आणि हे सारे कोकणापुरतेच आहे, अशा भ्रमात पुणेकरांनी राहू नये. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. दोनच दिवसांनी प्रवरेच्या पात्रात, अकोले तालुक्यातील सुगाव येथे, बुडालेल्यांचा शोध घ्यावयास गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. वाचवावयास गेलेलेच बुडाले! उजनीवर तटरक्षक दल येऊ शकत नाही. तेथे पाणी जलसंपदा खात्याचे, गाव महसूल खात्याचे, बंदोबस्त पोलिसांचा आणि होडी ज्याची त्याची. अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा ब्रिटिशकालीन कायदा मोडीत काढून संसदेने २०२१ साली नवा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, जीवरक्षक साधनांची तरतूद आहे. दिल्लीत झालेला कायदा कळाशीच्या काठावर पोहोचला पाहिजे. तेथील शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला, माहेरवाशिणीला वळसा वाचविण्यासाठी होडीत बसावेच लागते. तिला हौसेचा पर्यटक म्हणून हिणवता येत नाही, म्हणून तिच्या बाबतीत शासनाची जबाबदारी दुप्पट आहे.

मागणी अवाजवी नाही. प्रत्येक धक्क्यावर, मग तो मांडव्याचा असो की कळाशीचा, एक फलक असावा. होडीची क्षमता, परवान्याची मुदत, शेवटच्या तपासणीचा दिनांक आणि ती तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्यावर मराठीत लिहिलेले असावे. खात्याचे नाव पुरेसे नाही. खाती कधी तुरुंगात जात नाहीत. खडकवासल्याच्या एका बाजूला पीकॉक बेमध्ये प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नौका चालविण्याचे शिस्तबद्ध शिक्षण घेतात, आणि त्याच जलाशयाच्या दुसऱ्या काठावर मनाईच्या फलकाला टेकून कुटुंबे मुलांना पाण्यात सोडतात. शहरातील शाळांनी, स्वयंसेवी संघटनांनी, गणेश मंडळांनी ठरविले तर विसर्जनाच्या घाटावर दोरी आणि टायर घेऊन उभे राहणारे त्यांचे कार्यकर्ते वर्षभरात बुडत्याला काढण्याचे आणि श्वास देण्याचे रीतसर शिक्षण घेऊ शकतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसणाऱ्या हजारो तरुणांना तटरक्षक दलाच्या भरतीचे दारही उघडे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

पावसाळ्याचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवलेल्या असतात. होड्यांची तपासणी करायची ती याच दिवसांत. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राची पूजा करून होडी पाण्यात लोटतील, त्याच सुमारास पुण्यात दिवाळीतील कोकणच्या खोल्या नोंदविल्या जाऊ लागतील. तोवर किती धक्क्यांवर तो फलक लागलेला असेल, हे मांडव्याला आणि कळाशीला स्वतः जाऊन पाहता येईल.