सीटी यंत्र जिल्ह्यात आलं, आता सुईही येऊ द्या

फुफ्फुसात गाठ दिसते, मणक्याचं हाड झिजलेलं दिसतं, पोटात खोलवर पू साचलेला दिसतो. सीटीच्या अहवालाखाली ‘बायोप्सी करून खात्री करावी’ अशी ओळ येते आणि पुष्कळदा जिल्हा रुग्णालयातलं काम तिथेच थांबतं. पुढे नातेवाइकांनी फिल्मची पिशवी घेऊन मोठं शहर गाठायचं. खरं तर ज्या यंत्रावर गाठ दिसली, त्याच यंत्राच्या मदतीने सुई घालून तिचा तुकडा काढता येतो. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी व्हायला हवं आणि सुरक्षितपणे व्हायला हवं.

१. नेहमीच्या पद्धतीत डॉक्टर सुई थोडी आत नेतात, खोलीबाहेर जातात, चित्र घेतात, पुन्हा आत येतात. सीटी फ्लुओरोस्कोपीत ते रुग्णाशेजारीच उभे असतात. पायाखालचं पेडल दाबलं की सुईचं टोक कुठे पोचलं ते समोरच्या पडद्यावर त्याच क्षणी दिसतं. १९९०च्या दशकात जपानमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत वापरात आणली. फुफ्फुसाच्या खालच्या भागातली लहान गाठ श्वासागणिक वरखाली होते, तिथे ही सोय फार मोलाची. पण मोठ्या, स्थिर गाठीपर्यंत साध्या पद्धतीनेही सुई नीट पोचते. म्हणून ‘आमच्या यंत्रात ती सोय नाही’ हे काम नाकारायचं कारण होऊ नये.

२. सोनोग्राफीवर जे स्पष्ट दिसतं ते सोनोग्राफीवरच करावं. तिच्यात क्ष-किरण नाहीत. सीटी राखून ठेवावी ती हवेने भरलेल्या फुफ्फुसासाठी, हाडासाठी आणि आतड्यांआड दडलेल्या जागांसाठी.

३. सर्वांत जास्त शिस्त हवी ती पेडलवरच्या पायाला. रुग्णाला किरण एकदाच लागतात, डॉक्टर आणि नर्स मात्र त्याच खोलीत रोज उभे असतात. पेडल दाबून धरायचं नाही. सुई सरकवायची, क्षणभर दाबून एक चित्र पाहायचं, पाय उचलायचा. सुई धातूची असल्याने कमी करंटवरच्या दाणेदार चित्रातही ती दिसते, त्यामुळे करंट खाली ठेवता येतो. किरणांच्या झोतात बोटं जाऊ नयेत म्हणून सुई धरायला लांब होल्डर हवा. शिशाचा एप्रन, गळ्याचा थायरॉइड कॉलर आणि शिशाचा चष्मा खोलीत थांबणाऱ्या प्रत्येकाला मिळाला पाहिजे. अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. अंगावर लागलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज खुंटीला टांगलेला असेल तर ही मर्यादा पाळली जाते की नाही हे कळणार कसं? पेडल किती सेकंद दाबलं आणि डोस किती झाला, हे प्रत्येक रुग्णाच्या अहवालात लिहिलं जावं.

४. तुकडा काढला की काम संपत नाही, आणि इथे होणारं नुकसान मला सर्वांत जास्त खुपतं. आपल्याकडे फुफ्फुसातली सावली किंवा मणक्याची झीज कर्करोगाची असू शकते, तशी क्षयाचीही. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकला की क्षयाचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, होत नाही. मग औषधाला दाद न देणारा क्षय आहे का, हे कळायचा हक्काचा मार्ग बंद होतो आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. एक भाग फॉर्मेलिनमध्ये, एक भाग सलाइनमध्ये, आणि सलाइनमधला नमुना त्याच दिवशी कल्चर व सीबीनॅट या क्षयाच्या जनुकीय चाचणीसाठी रवाना, असा लेखी नियम हवा. त्याला नवं यंत्र लागत नाही.

५. धोके आहेत आणि ते रुग्णाला मराठीत, सुई टोचण्यापूर्वी सांगितले पाहिजेत. फुफ्फुसाच्या बायोप्सीनंतर साधारण पाचांपैकी एकाच्या छातीत थोडी हवा साचते. बहुतेकांची ती आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. ती नळी आणि ऑक्सिजन खोलीत तयार हवेत. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेग सांगणारा आयएनआर आधी पाहावा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी करावी. नंतर काही तास रुग्णावर लक्ष ठेवून छातीचा एक्स-रे काढावा.

६. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती घरोघरी आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण फार विरळ. काही अवयवांत डॉक्टर त्यासाठीच वाट विचारपूर्वक निवडतात. त्या भीतीपायी गेलेले महिने बहुतेकदा जास्त महागात पडतात.

७. सरकारी रुग्णालयात सीटी यंत्र खासगी भागीदारीत चालत असेल, तर करारात सुईच्या कामाचा दर, त्यासाठी राखलेला वेळ आणि जबाबदार रेडिओलॉजिस्ट यांचा उल्लेख हवा. करार फक्त स्कॅन मोजून पैसे देणारा असेल, तर तासभर टेबल अडवणारी बायोप्सी कोण करेल? रुग्ण कल्याण समितीने पुढच्या बैठकीत करार मागवून वाचावा, आणि आठवड्यातली निदान एक सकाळ या कामासाठी ठरवून तिचा फलक बाह्यरुग्ण विभागात लावावा.