सत्कार पुरे, आता जबाबदारी द्या

निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. उर्दू शाळेच्या सभागृहात किंवा शादीखान्यात खुर्च्या मांडल्या जातात. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेली, सीईटी देऊन इंजिनिअरिंगला प्रवेश मिळवलेली मुलं-मुली पहिल्या रांगेत बसतात. व्यासपीठावर ट्रस्टी, नगरसेवक, एखादे डॉक्टर, एखादे निवृत्त अधिकारी. शाल, स्मृतिचिन्ह, फोटो. प्रत्येक वक्ता मुलांना सांगतो, "तुम्हीच उद्याचे नेते आहात." पुढच्या वर्षी नवी मुलं येतात, व्यासपीठावर मात्र तीच माणसं असतात.

हे समारंभ बंद करा, असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या आईला त्या टाळ्यांचं मोल काय असतं, ते मी पाहिलं आहे. पण तो "उद्या" नेमका कधी येतो आणि मुलं नेतृत्व शिकतात कुठे, हे आपण विचारत नाही.

आपल्याकडे सगळी चर्चा प्रवेशापाशी थांबते. त्याला कारणही आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये आकडे मांडले तेव्हा आयआयटींमधल्या २७,१६१ विद्यार्थ्यांपैकी ८९४ मुस्लिम होते, म्हणजे ३.३ टक्के. तेव्हापासून किती मुलांना प्रवेश मिळाला, हीच आपली मोजपट्टी झाली. ती आवश्यक आहे, पण अपुरी आहे. प्रवेश मिळाल्यावर पुढच्या चार वर्षांत तो विद्यार्थी त्या कॉलेजचा भाग होतो की मागच्या बाकावर बसून डिग्री घेऊन बाहेर पडतो, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

अमेरिकेतल्या एका विद्यार्थी संघटनेची गोष्ट इथे सांगतो. इंडियाना राज्यातलं पर्ड्यू विद्यापीठ इंजिनिअरिंगसाठी नावाजलेलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, पण पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के मुलं शिक्षण अर्धवट सोडत होती. दार उघडलं होतं, पण आत आलेला माणूस टिकत नव्हता.

१९७१ मध्ये एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर हे तिथले दोन विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या अधिष्ठात्यांकडे गेले. कृष्णवर्णीय इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांची एक संघटना काढू द्या, नवे विद्यार्थी आणणं आणि आलेल्यांना टिकवणं हे काम आम्ही करू, असं त्यांनी सांगितलं. अधिष्ठात्यांनी मान्यता दिली आणि तिथल्या एकमेव कृष्णवर्णीय प्राध्यापकांना, आर्थर बॉन्ड यांना, सल्लागार नेमलं. अध्यक्ष झाला बार्नेट, म्हणजे विद्यार्थीच. बॉन्ड सल्लागारच राहिले.

पुढे अध्यक्ष झालेल्या अँथनी हॅरिस या विद्यार्थ्याने आणखी एक पाऊल टाकलं. देशातल्या सर्व २८८ मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांच्या प्रमुखांना त्याने पत्रं पाठवली. तुमच्याकडे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना आहे का, पुढाकार घेणारे विद्यार्थी कोण, प्राध्यापक कोण, अशी विचारणा केली. जवळपास ८० ठिकाणांहून उत्तरं आली. १० ते १२ एप्रिल १९७५ या तीन दिवसांत पर्ड्यूला पहिली राष्ट्रीय बैठक झाली, तेव्हा ३२ संस्थांमधून ४८ विद्यार्थी आले. त्या बैठकीतून नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स उभी राहिली. आज तिच्या शेकडो शाखा आहेत. वरिष्ठ विद्यार्थी नव्यांना शिकवतात, गटाने अभ्यास होतो, कंपन्यांना बोलावून नोकरी मेळावे भरवले जातात, शाळकरी मुलांसाठी सुट्टीतली शिबिरं होतात.

२८८ पत्रं आणि पहिल्या बैठकीला ४८ विद्यार्थी. आपल्याकडे एखाद्या कार्यक्रमाला पन्नास माणसं आली की "समाजात जागृतीच नाही" असं म्हणत आपण हात झटकतो.

पण मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिची रचना. या संघटनेला आज मुख्य कार्यालय आहे, पगारी कर्मचारी आहेत, मोठ्या कंपन्यांचा पैसा आहे. तरीही कारभार विद्यार्थ्यांच्या हातात आहे. राष्ट्रीय मंडळाचं अध्यक्षपद निवडून आलेल्या विद्यार्थ्याकडे असतं. वडीलधाऱ्यांनी सल्ला द्यायचा, निर्णय विद्यार्थ्यांनी घ्यायचा, ही १९७१ मधली वाटणी त्यांनी संस्था मोठी झाल्यावरही बदलली नाही. संस्थेला पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली की मोठी माणसं ती ताब्यात घेतात, हा आपला नेहमीचा अनुभव. म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये थेट विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. त्यामागे निवडणुकीतली हिंसा हे खरं कारण होतं. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, पण २०१९ मध्ये जाहीर झालेला कार्यक्रम पुढे ढकलला गेला. परिणाम असा, की पिढ्यान् पिढ्या मुलं मतदान न करता, उमेदवारी न भरता, हरल्यावर जिंकणाऱ्याशी हात न मिळवता कॉलेजातून बाहेर पडली.

अशा वेळी इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या तांत्रिक संघटना हीच लोकशाहीची उरलेली शाळा ठरते. आयट्रिपलईची विद्यार्थी शाखा, एसीएमची शाखा, टेकफेस्टची समिती, बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवणारा संघ. बाहाचंच उदाहरण घ्या. खडबडीत रस्त्यावर चालेल अशी एका माणसाची गाडी विद्यार्थ्यांनी बनवायची असते. लोकांना त्यातली चार तासांची शर्यत दिसते. पण तिथवर पोचायला वर्षभर प्रायोजक शोधावे लागतात, कोटेशन घ्यावी लागतात, खर्चाचा अहवाल लिहावा लागतो, वेल्डिंग चुकलं तर कोणावर न ओरडता ते पुन्हा करून घ्यावं लागतं, परीक्षकांसमोर उभं राहून आपली गाडी विकून दाखवावी लागते. यातलं फारसं काही विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. नोकरीत मात्र पहिल्या महिन्यापासून लागतं.

या संघटनांमध्ये आपली मुलं किती असतात? माझ्याकडे आकडा नाही, स्वतःचा अनुभव आहे. दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजात तांत्रिक संघटनेचे फॉर्म वाटले, तेव्हा मी घरी विचारलं. अब्बा म्हणाले, "बेटा, नाव कुठे येऊ देऊ नकोस. डिग्री घे आणि बाहेर पड." त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आपल्या मुलाचं नाव चुकीच्या यादीत जाऊ नये, ही भीती त्यांनी वर्तमानपत्र वाचून कमावली होती. मी फॉर्म भरला नाही.

तिसऱ्या वर्षी संघटनेचा खजिनदार मध्येच सोडून गेला. हिशेब कोणालाच नको होता, म्हणून सरांनी तो माझ्याकडे दिला. वर्षाअखेरीस साडेअकराशे रुपयांचा मेळ लागेना. चार दिवस पावत्या शोधल्या. मंडपवाल्याकडे तीन चकरा मारल्या. शेवटी एक कच्ची पावती मिळाली, पण तोवर सर्वसाधारण बैठकीत उभं राहून "फरक आहे आणि तो माझ्या निष्काळजीपणामुळे आहे" असं मला सांगावं लागलं. कोणी हसलं नाही. पुढच्या वर्षासाठी मलाच पुन्हा निवडलं. आज मी सॉफ्टवेअरच्या टीममध्ये काम करतो. रिलीज फसल्यावर बैठकीत चूक कबूल करण्याचं बळ मला कुठल्या विषयातून मिळालं असं कोणी विचारलं, तर मी त्या साडेअकराशे रुपयांकडे बोट दाखवीन. आणि अब्बांची भीती? हिशेबाच्या वहीवर सही करणाऱ्या मुलाला कॉलेजात सगळे ओळखतात. ओळख असलेला माणूस संकटात एकटा पडत नाही. न दिसणं हे संरक्षण नाही, हे मला तेव्हा कळलं.

मुलींची अडचण वेगळी आणि जास्त कठीण आहे. वर्कशॉपमधलं खरं काम संध्याकाळी सहानंतर सुरू होतं आणि नेमक्या त्याच वेळी मुलींनी घरी किंवा होस्टेलवर असायचं असतं. मग त्यांच्या वाट्याला अहवाल लिहिणं, सूत्रसंचालन आणि पाहुण्यांना गुच्छ देणं येतं. हिजाब घालणारी मुलगी असेल तर तिला काही विचारण्याआधीच लोक तिच्यासाठी ठरवून टाकतात, कधी कॉलेजवाले तर कधी आपलेच लोक. घरच्यांनी "जाऊ नकोस" म्हणण्याऐवजी "परत यायची सोय काय?" हे कॉलेजला विचारायला हवं. पाच मुलींचे पालक मिळून प्राचार्यांकडे गेले तर वर्कशॉपच्या वेळा बदलतात किंवा बसची सोय होते. एकटी मुलगी गेली तर बदलत नाहीत.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी वांशिक ओळखीवर संघटना काढली, मग आपण कॉलेजात मुस्लिम इंजिनिअरांची संघटना काढायची का? माझं उत्तर स्पष्ट आहे, नाही. आपल्या चळवळीची भूमिका राज्यघटनेतल्या समान नागरिकत्वाची आहे. सर्वांसाठी असलेल्या संघटनेत जाऊन तिथे निवडून येणं, तिथे वाद घालणं, तिथे हिशेब देणं, हेच आपल्याला हवं आहे. पण पर्ड्यूच्या विद्यार्थ्यांनी ओळखलेली गरज मात्र खरी आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या व्हायवाला इंग्रजीत अडखळतो आणि गप्प होतो. त्याच्या शेजारचा पहिल्या पिढीतला दलित, आदिवासी, भटक्या समाजातला मुलगाही तसाच गप्प असतो. या सगळ्यांसाठी खुला अभ्यासगट वरच्या वर्गातल्या मुलांनी चालवायला हवा. त्यासाठी धर्माची पाटी लागत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक रिकामा वर्ग पुरतो.

समाजातल्या संस्थांनी काय करावं? पहिलं म्हणजे शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येक ट्रस्टने पंचवीस वर्षांखालच्या दोन विद्यार्थ्यांना बैठकीत मताचा अधिकार द्यावा आणि त्यांतली एक मुलगी असावी. ट्रस्टच्या घटनेत ते बसत नसेल तर घटना बदलेपर्यंत विद्यार्थी समिती नेमावी आणि तिच्या हाती छोटी का होईना, स्वतंत्र रक्कम द्यावी. ती कशी खर्च करायची ते त्यांनी ठरवावं आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा. चूक होईल. साडेअकराशे रुपयांचा फरक येईल. ती फी समजावी.

दुसरं, पद सोडताना लेखी कारभार सोपवण्याची सवय लावावी. कोणत्या कंपनीने पैसे दिले, कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज लागतो, गेल्या वर्षी काय फसलं. अनेक विद्यार्थी संघटना भांडणाने मोडत नाहीत. शेवटच्या वर्षाची मुलं सगळी माहिती डोक्यात घेऊन निघून जातात आणि नव्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागते.

तिसरं माझ्यासारख्या नोकरदारांसाठी. आपल्याला समारंभात पाहुणे म्हणून जायला आवडतं. बॉन्ड सरांसारखं सल्लागार म्हणून बसणं कठीण असतं, कारण तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. महिन्यातला एक रविवार द्यावा, रेझ्युमे तपासावेत, नकली मुलाखती घ्याव्यात आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसली तरी तिच्यावर बसू नये.

हे सगळं इतरांना सांगताना स्वतःच्या घरात पाहिलं तर चित्र वेगळं नाही. या मासिकाच्या संपादक मंडळातही पंचवीस वर्षांखालचं कोणी नाही. युवकांवर आपण अनेक लेख छापले, त्यांतले बहुतेक चाळिशी ओलांडलेल्यांनी लिहिले. म्हणून पुढच्या अंकापासून मराठी आणि इंग्रजी दोन्ही विभागांतली चार-चार पानं विद्यार्थी संपादित करतील, असं मंडळाने ठरवलं आहे. विषय ते निवडतील, लेख नाकारण्याचा अधिकारही त्यांचाच राहील, आणि त्यात माझा लेखही आला. यंदाच्या गुणगौरव समारंभात ज्या मुलांना शाल मिळाली, त्यांनी घडी करून ती कपाटात ठेवावी आणि आमच्याकडे यावं. काम बरंच पडलेलं आहे.