अठ्ठावीस दिवसांचं अंतर

नोव्हेंबर २०२१. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि गाडीत पेट्रोल भरायचं तर मोबाइलवर लशीचा दाखला दाखवावा लागत होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला होता. निदान एक डोस झालेला नसेल तर पेट्रोल नाही, गॅस सिलिंडर नाही, रेशन नाही. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा बघायलाही तीच अट. राज्यातल्या ७४ टक्के पात्र लोकांनी पहिला डोस घेतला होता. आपल्या जिल्ह्याचा आकडा ५५ टक्क्यांच्या आसपास अडला होता आणि ३६ जिल्ह्यांत आपण २६वे होतो. पुंडलिकनगरातून गजानन महाराज मंदिराकडे निघालेली माणसं पंपाच्या रांगेत लागण्याआधीच ती पीडीएफ उघडून ठेवत. ज्यांच्याकडे नव्हती, ते शेजाऱ्याकडून बाटलीत पेट्रोल मागून नेत.

टेनिसच्या स्तंभात पेट्रोल पंप कशाला, असं वाटेल. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी मेलबर्नच्या विमानतळावर जे घडलं, ते मला याच रांगेतून नीट कळलं. ऑस्ट्रेलियन ओपनचा हंगाम आला की नोव्हाक जोकोविचची ती गोष्ट दरवर्षी पुन्हा निघते. कुणी त्याला स्वातंत्र्यवीर करतो, कुणी माजोरडा श्रीमंत ठरवतो. मला दोन्ही पटत नाहीत.

घडलं ते असं. ४ जानेवारी २०२२ला जोकोविचने जाहीर केलं की आपल्याला लशीतून सूट मिळाली आहे आणि आपण निघालो आहोत. ही सूट त्याला स्पर्धेचे आयोजक आणि व्हिक्टोरिया राज्य यांनी नेमलेल्या वैद्यकीय समित्यांनी दिली होती. डिसेंबरमध्ये त्याला कोरोना होऊन गेला होता, हे तिचं कारण. पण देशात कुणाला घ्यायचं हे राज्य ठरवत नाही, केंद्र ठरवतं. आणि नुसता कोरोना होऊन गेला म्हणून लशीतून सूट नाही, हे केंद्राने आयोजकांना नोव्हेंबरमध्येच लेखी कळवलं होतं. ५ जानेवारीच्या रात्री तो उतरला. रात्रभर चौकशी झाली. सकाळी साडेआठपर्यंत वेळ देतो, वकिलांशी बोलून घे, असं सांगून अधिकाऱ्यांनी ७ वाजून ४२ मिनिटांनीच व्हिसा रद्द केला. १० जानेवारीला न्यायाधीश अँथनी केली यांनी तेवढ्याच मुद्द्यावर व्हिसा परत दिला: कबूल केलेला वेळ दिला नाही.

जोकोविच धुतल्या तांदळासारखा नव्हता. आपल्याला कोरोना झाल्याचं माहीत असूनही १८ डिसेंबरला तो एका फ्रेंच क्रीडा दैनिकाच्या मुलाखतीला गेला, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं. प्रवासाच्या अर्जात आधीच्या चौदा दिवसांत कुठेही गेलो नाही असं लिहिलं होतं, तेही खोटं निघालं. चूक आपल्या माणसाची, असा त्याचा खुलासा होता. त्या मेलबर्नच्या लोकांनी दोन वर्षांत मिळून २६२ दिवस लॉकडाऊन सोसलेला होता. त्यांचा राग मला समजतो. २०२०च्या मे महिन्यात आमच्या पुंडलिकनगरच्या गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे ठोकले होते, दूधवालासुद्धा पत्र्याच्या फटीतून पिशवी द्यायचा. असे दिवस काढलेल्या माणसाला कुणी नियम चुकवून आत आलेला दिसला तर तो टाळ्या वाजवणार नाही.

मात्र खरा प्रश्न १४ जानेवारीला उभा राहिला. परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचं खातं सांभाळणारे मंत्री अ‍ॅलेक्स हॉक यांनी स्वतःच्या खास अधिकारात व्हिसा पुन्हा रद्द केला. त्यांनी दिलेलं कारण मी तेव्हा तीनदा वाचलं. जोकोविचपासून आसपासच्या लोकांना संसर्गाचा धोका नगण्य आहे, असं मंत्री धरूनच चालले होते. आक्षेप असा की त्याच्या तिथे असण्याने लशीला विरोध करणाऱ्यांना बळ मिळेल, लोकांच्या मनात लशीबद्दल किंतु वाढेल. १६ तारखेला मुख्य न्यायमूर्ती जेम्स ऑलसप यांच्यासह तीन न्यायमूर्तींनी एकमताने मंत्र्यांचा निर्णय कायम केला. निर्णय शहाणपणाचा होता का, हे त्यांना तपासायचं नव्हतं. कायद्याच्या चौकटीत होता का, एवढंच बघायचं होतं. त्याच रात्री विमान उडालं.

म्हणजे रोगासाठी केलेला नियम शेवटी रोगाचं कारण न देता वापरला गेला. माणूस काय करतो यापेक्षा त्याच्याकडे बघून दुसऱ्यांच्या मनात काय येईल, यावर सीमा बंद झाली. हा पायंडा मला फार घातक वाटतो. आज लस आहे, उद्या दुसरा कुठलाही विषय असेल.

आणि इथेच मला आमचा पंप आठवतो. पेट्रोल भरताना कोरोना पसरतो म्हणून ती अट नव्हती. माणूस पंपावर दोन मिनिटं उघड्यावर उभा असतो. रेशनचे गहू घेताना लागण होईल, असंही कुणी म्हणत नव्हतं. माणसाला अडवून लशीच्या रांगेत पाठवायचं, हाच हेतू होता. तो सफल झाला, हेही मला मान्य केलं पाहिजे. आमच्या गल्लीतली जी माणसं आठ महिने ऐकत नव्हती, ती त्या आठवड्यात संध्याकाळच्या केंद्रावर उभी दिसली. मी लशीच्या बाजूचा माणूस आहे. १० जानेवारी १८९७ला वॉल्डेमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्या महाराष्ट्रात लशीवर अविश्वास दाखवणं मला अपमानास्पद वाटतं. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरलेल्या शिपायांनी लोकांचा विश्वास कसा घालवला आणि त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीतल्या गोळीबारात कसा झाला, हेही याच महाराष्ट्राने पाहिलं. जबरदस्तीने आकडा वाढतो. पुढच्या साथीला सरकारवर विश्वास किती उरेल, त्याचा हिशेब तेव्हा कुणी मांडत नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस झालेल्यांनाच चढू देण्याचा नियमही त्याच काळातला. तो आदेश ज्या रीतीने काढला, त्यावर फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याला फैलावर घेतलं. मग २ मे २०२२ला डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी निकाल दिला. कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. सरकारला निर्बंध घालता येतील, पण ते धोक्याच्या प्रमाणात हवेत. आणि लस न घेतलेल्यापासून घेतलेल्यापेक्षा जास्त लागण होते हे दाखवणारी माहिती समोर नसताना त्यांना सार्वजनिक ठिकाणी अडवणं प्रमाणात बसत नाही. लसीकरणाचं धोरण मात्र न्यायालयाने उचलून धरलं. मेलबर्नला जे हवं होतं, ते हेच: प्रमाण.

आता ज्या नावासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो. जोकोविचचं एवढं काही गेलं नाही. तीन वर्षांची प्रवेशबंदी ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२२मध्येच उठवली आणि जानेवारी २०२३मध्ये त्याने तीच स्पर्धा दहाव्यांदा जिंकली. लस नाही म्हणून मोठ्या स्पर्धा सोडायची तयारी त्याने जाहीर सांगितली आणि सोडल्याही; किंमत स्वतः मोजली, याचं श्रेय त्याला देतो. पण ज्यांना किंमत परवडत नव्हती, त्यांचं काय?

अमन दहिया. सतरा वर्षांचा भारतीय मुलगा, ज्युनिअर क्रमवारीत शंभराच्या आत, ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुलांच्या स्पर्धेत खेळण्याच्या दारात. त्याला जाता आलं नाही, कारण लस झालेली नव्हती. आणि लस झालेली नव्हती, कारण भारतात अठरा वर्षांखालच्या कुणालाच ती मिळत नव्हती. १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं ३ जानेवारी २०२२ला, फक्त कोव्हॅक्सिनचं. दोन डोसांत अठ्ठावीस दिवसांचं अंतर. पहिल्याच दिवशी पहिल्याच रांगेत पहिला नंबर लावला असता तरी दुसरा डोस ३१ जानेवारीच्या आधी मिळणार नव्हता, आणि मुलांची स्पर्धा तोवर संपून जाणार होती. या मुलाने कुठला नियम मोडला? कुठल्या लशीला नकार दिला?

त्या जानेवारीत गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात टेनिस खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाशी माझं बोलणं झालं. दंडावर पहिल्या डोसची पट्टी होती. तो म्हणाला, ‘‘काका, जोकोविचला पाहिजे तेव्हा लस मिळत होती ना? मग आमचाच नंबर का गेला?’’ त्याचे सर शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. मलाही सुचलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, हे वाक्य आपण फार सहज म्हणतो. लस सगळ्यांना सारखी मिळत असेल तरच ते खरं असतं.

रशियाची नताल्या विखल्यान्त्सेवा हिने तर लस घेतलेली होती, स्पुटनिक-व्ही. ऑस्ट्रेलियाच्या यादीत ती नव्हती, म्हणून तिचा दौरा हुकला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने स्पुटनिकला मान्यता दिली ती १७ जानेवारी २०२२ला. स्पर्धा सुरू झाली तोच दिवस. त्या एका तारखेकडे बघून मला आजही चीड येते. अडतीस वर्षांची चेक दुहेरीपटू रेनाता व्होराचोवा तर जोकोविचसारखीच सूट घेऊन डिसेंबरमध्येच आत आली होती, मेलबर्नमध्ये एक सामनाही खेळली होती. जोकोविचचा गाजावाजा झाल्यावर तिला शोधून काढलं, व्हिसा रद्द केला आणि जोकोविचला ठेवलं होतं त्याच पार्क हॉटेलमध्ये ठेवलं. तिच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही; ती निघून गेली. आणि त्याच हॉटेलात नऊ-नऊ वर्षं ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात अडकून पडलेले निर्वासित होते. जगाचे कॅमेरे त्यांच्या खिडक्यांपर्यंत पोहोचले ते एका टेनिसपटूमुळे.

लशीची यादी आणि सीमा यांचं नातं आपल्यालाही नवीन नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड घेतलेल्यांना २०२१च्या सप्टेंबरात ब्रिटन लस न घेतलेल्यांसारखं दहा दिवस डांबत होतं, जरी ती लस मुळात ऑक्सफर्डची. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसंच डांबायला सुरुवात केल्यावर आठवड्यात ब्रिटन नमलं. कोव्हॅक्सिन पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहभागातून झालेली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ला मिळाली, लसीकरण सुरू होऊन साडेनऊ महिने झाल्यावर. आपल्या सरकारने एक गोष्ट मात्र वेळेत केली. जून २०२१मध्ये परदेशी शिकायला, नोकरीला आणि टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं ८४ दिवसांचं अंतर अठ्ठावीसवर आणलं आणि दाखल्यावर पासपोर्ट नंबर जोडला. आमच्या भागातले कितीतरी विद्यार्थी त्यामुळे वेळेत निघाले. आणि परदेशी माणसाला भारतात यायला लस हीच एकमेव किल्ली कधी नव्हती. आरटीपीसीआर चाचणीचा रस्ता उघडा होता. मला तो रस्ता अधिक न्याय्य वाटतो, कारण चाचणी आज या माणसात विषाणू आहे का, हे विचारते.

अमेरिकेचं उदाहरण याहून वाईट. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने ११ ऑगस्ट २०२२लाच लस घेतलेले आणि न घेतलेले यांना वेगवेगळे नियम लावणं थांबवलं. अमेरिकन नागरिक लस न घेता यूएस ओपन खेळू शकत होता. परदेशी खेळाडू मात्र विमानातून उतरू शकत नव्हता, आणि ही अट १२ मे २०२३पर्यंत, म्हणजे आणखी नऊ महिने, तशीच राहिली. नियमामागचं कारण संपलं, नियम उरला. तो उठवायला कुणाला घाई नव्हती, कारण ज्यांना तो लागू होता त्यांना तिथे मत नव्हतं.

चांगला नियम कसा असतो, तेही डोळ्यांसमोर आहे. पिवळ्या तापाचा. नैरोबीत आयटीएफच्या स्पर्धा होतात आणि आपल्याकडचे खेळाडू तिथे गुण मिळवायला जातात. केनियाहून परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल तर भारत सहा दिवस विलगीकरणात ठेवतो. मंत्र्याच्या मुलालाही ठेवेल. कारण नेमकं आहे: तो विषाणू आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक कुंडीत, कूलरमध्ये आहे. नियम वर्षानुवर्षं छापील आहे, कुणाच्या मर्जीवर नाही. ११ जुलै २०१६पासून एक डोस आयुष्यभर चालतो, पूर्वीसारखा दहा वर्षांनी पुन्हा टोचावा लागत नाही.

क्रीडा संकुलातल्या पालकांपैकी कुणाचं मूल या हंगामात नैरोबीला निघालं असेल तर एवढं लक्षात ठेवा. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि नंबर आधी लावावा लागतो. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून तिकीट त्याच्या आधीचं काढू नका. दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टच्या आत ठेवा, रॅकेटच्या पिशवीत नको; ती पिशवी विमानाच्या पोटात जाते आणि दाखला सामान मिळायच्या आधीच विचारतात.