सिस्टरची शिदोरी : करवतीच्या इंजिनाच्या खिडक्या



मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या नातवाने आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर एक काळं, तेलकट धूड आणून ठेवलं. मी म्हटलं, "अरे, इथे मी चपात्या लाटते!" तो म्हणतो कसा, "सावता, फक्त अर्धा तास." ते होतं झाडं कापायच्या यांत्रिक करवतीचं, म्हणजे इथल्या भाषेत 'मसोर शरशेरेत'चं इंजिन. हा मुलगा एका मोशाववर अव्होकाडोच्या बागेत छाटणीचं काम करतो. भंगारातून जुनी करवत घेऊन त्याला 'पोर्टिंग' शिकायचं होतं. इंजिनाच्या सिलेंडरमध्ये जी भोकं असतात, ती घासून त्यांचा आकार बदलायचा आणि इंजिनाची ताकद वाढवायची, याला पोर्टिंग म्हणतात.

आधी मी रागावले. पण मग आठवलं की साखळीची करवत मुळात आमच्याच खात्यातली! जर्मनीतल्या बर्नहार्ड हायने नावाच्या गृहस्थांनी १८३० च्या सुमारास हाडं कापण्यासाठी हाताने फिरवायची साखळी करवत बनवली होती. झाडांवर ती पुष्कळ नंतर आली. तेव्हा म्हटलं, दाखव बाबा तुझा पेशंट.

बालमित्रांनो, सायकलचा पंप आठवा. नळी आणि तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या. इंजिनात नळीला सिलेंडर आणि दट्ट्याला पिस्टन म्हणतात. मोटारीच्या इंजिनात हवा आत-बाहेर सोडायला वर झडपा असतात, आपल्या हृदयात असतात तशा. या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात तशा झडपाच नाहीत. सिलेंडरच्या भिंतीत नुसत्या खिडक्या आहेत आणि पिस्टन स्वतःच दार होऊन त्या उघडतो आणि मिटतो. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास हा प्रकार काढला आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक यांनी तो आणखी सोपा केला.

खिडक्या तीन प्रकारच्या. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद डब्यात पोकळी होते आणि पहिली खिडकी उघडून पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या डब्यात शिरतं. वर ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना तो आधी दुसरी, म्हणजे धुराची खिडकी उघडतो. जळलेला वायू जोरात बाहेर पडतो. पिस्टन आणखी थोडा खाली आला की बाजूच्या तिसऱ्या प्रकारच्या खिडक्या उघडतात आणि खालच्या डब्यात दाबलेलं ताजं मिश्रण त्यांतून वर चढतं. या खिडक्यांची तोंडं धुराच्या खिडकीकडे पाठ करून असतात, म्हणून ताजं मिश्रण आधी मागच्या भिंतीकडे जातं, तिथून वर वळतं आणि उरलेला धूर बाहेर लोटतं. थोडं ताजं मिश्रणही धुराबरोबर निसटतंच. टू-स्ट्रोकच्या गाड्यांना निळा धूर आणि वास का यायचा, त्याचं एक कारण हे.

आपल्यातल्या ज्येष्ठांना हे इंजिन नवीन नाही. मुंबईत ज्यांच्या घरी लॅम्ब्रेटा नाहीतर व्हेस्पा होती, त्यांना पेट्रोलमध्ये तेल मिसळणं चांगलं आठवेल. खालच्या डब्यातून मिश्रण जातं, म्हणून तिथे वेगळं तेल भरून ठेवता येत नाही. जे तेल पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. मी नातवाला म्हटलं, "कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणायचे. आपण घाण्यावर तेल काढायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो. तेल्याच्या नातवाने तेल विसरून कसं चालेल?" पुष्कळ करवतींना ५० भागांना १ भाग, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागतं. जुन्या काहींना जास्त. आपल्या यंत्राच्या पुस्तकात लिहिलं असेल ते करावं, अंदाजपंचे नाही.

आता मुख्य गोष्ट. कुठली खिडकी केव्हा उघडते, यावर सगळं चालतं. हे अंशांमध्ये मोजतात. इंजिनाचा दांडा एक फेरा फिरला की ३६० अंश. पिस्टन सगळ्यात वर असतो तो शून्य. अशा करवतीत धुराची खिडकी साधारण १०० अंशांवर उघडते आणि ताज्या मिश्रणाच्या खिडक्या साधारण १२० वर. मधले २० अंश धुराला जोर ओसरण्यासाठी मिळतात. ते मिळाले नाहीत तर धूर उलटा ताज्या मिश्रणात घुसतो. हे इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २०० फेरे झाले. मग ते २० अंश किती वेळ टिकतात? एका सेकंदाचे ३६०० भाग करा, त्यातला एक भाग. तासात सेकंद जेवढं, सेकंदात ते तेवढं. आयुष्यभर लोकांच्या नाड्या मोजल्या, पण हा हिशेब मांडून माझंच डोकं गरगरलं.

आणि म्हणूनच यात घाई नको. नातवाच्या इंजिनात पिस्टन ३२ मिलिमीटर वरखाली होतो. धुराच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटर वर घासली, तर ती जवळजवळ ४ अंश लवकर उघडते आणि ४ अंश उशिरा मिटते. एक मिलिमीटर म्हणजे काय हो, साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढंही नाही! तेवढ्याने इंजिनाचा स्वभाव बदलतो. जास्त वेगात ते जोर धरतं, पण कमी वेगात मरगळतं आणि आतला दाबही कमी होतो. खिडकी उंच न करता रुंद केली तर वेळ तीच राहते आणि वाट मोठी होते. नवशिक्याने सुरुवात तिथून करावी. पण त्यालाही मर्यादा आहे. सिलेंडरच्या व्यासाच्या साधारण ६५ टक्क्यांच्या आत राहावं, म्हणजे ४४ मिलिमीटर व्यास असेल तर २८ च्या पुढे जाऊ नये. पिस्टनची बाजू त्या खिडकीला पूर्ण झाकते ना, तेही आधी पाहावं, नाहीतर धूर खालच्या डब्यात जातो.

हे सगळं त्याला माहीत होतं का? नव्हतं. माझ्या टेबलावर येण्याआधीच त्याने एक सिलेंडर घालवलं होतं. कडेला लाल कपड्यात गुंडाळलेलं काय आहे विचारलं, तर मान खाली. त्याने धुराची खिडकी उत्साहाने दोन्ही बाजूंना घासली होती. पिस्टनला जी लोखंडी रिंग असते, तिला एका जागी फट असते. तिची टोकं भिंतीवरच घासत राहिली पाहिजेत. याने खिडकी इतकी रुंद केली की रिंगचं टोक तिच्यासमोर आलं, बाहेर फाकलं आणि कडेला अडकून तुटलं. करवत दहा मिनिटं गरजली आणि इंजिन सीझ. सिलेंडरला आतून खोल ओरखडे. दोन आठवड्यांचं साठवलेलं सगळं गेलं.

मी त्याला ओरडले नाही. वॉर्डात नवीन आलेल्या मुलींना जे सांगायचे तेच सांगितलं : आधी मोज, मग लिही, मग हात लाव. औषध जास्त गेलं तर परत काढता येत नाही, आणि घासलेला धातू परत चिकटत नाही.

मग दुसऱ्या सिलेंडरला आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली. पुठ्ठ्यावर कोनमापकासारखी ३६० अंशांची चकती काढून दांड्याला लावली आणि तारेचा काटा केला. पिस्टनची सगळ्यात वरची जागा डोळ्यांनी नीट कळत नाही. म्हणून स्पार्क प्लगच्या भोकात बोल्ट अडकवला, दांडा दोन्ही बाजूंना अडेपर्यंत फिरवला आणि दोन आकड्यांच्या बरोबर मधली जागा शून्य धरली. मग बोल्ट काढून, टॉर्च लावून, खिडकीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसली की आकडा वाचायचा. मी वाचत होते, तो वहीत लिहीत होता. अगदी पेशंटच्या टेंपरेचर चार्टसारखं. खिडक्यांचा ठसाही कागदावर पेन्सिलने उतरवला. रिंगची टोकं कुठे येतात तिथे लाल खूण केली आणि त्या बाजूला हातच लावायचा नाही असं ठरवलं.

त्याने दर वेळी थोडंसं घासलं, धुतलं, परत मोजलं. शेवटी खिडकीच्या कडेची धार मोडून गोलसर केली, कारण धारदार कडेत रिंग अडकते. चार संध्याकाळी गेल्या. काम संपल्यावर तेच लाकूड, तीच साखळी घेऊन घड्याळ लावलं. आधी २४ सेकंद लागत होते, आता २०. नातू नाचायचा तेवढा बाकी राहिला. मी म्हटलं, बघ, सवलानुत असेल तर भंगारसुद्धा ऐकतं.

आता सिस्टरचे चार शब्द, हे वगळू नका. घासताना चष्मा आणि मास्क हवाच, कारण सिलेंडरच्या आतल्या कडक मुलाम्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. इंजिन बंद शेडमध्ये चालू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी मोठी केल्यावर कार्ब्युरेटर पुन्हा लावून घ्यावा. हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं तर तेलही कमी पोचतं आणि पिस्टन जळतो. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू करवत हातात धरू नये.

आणि एक महत्त्वाचं. ताकद वाढवायची म्हणून मुलं सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी बारीक जाळी काढून फेकतात. आमच्या पठ्ठ्यानेही काढली होती. मी विचारलं, २०१० सालची कार्मेलची आग आठवते का? तिचं कारण वेगळं होतं, पण ४४ माणसं गेली. कोरड्या गवतात एक ठिणगी पुरते. त्याने एक शब्द न बोलता जाळी शोधली, ब्रशने काजळी काढली आणि परत बसवली. खरं सांगते, ते २० सेकंद ऐकून झाला नव्हता इतका आनंद मला ती जाळी पाहून झाला.

ते बिघडलेलं सिलेंडर त्याने फेकलं नाही. माझ्या खिडकीत ठेवलंय, धुऊन पुसून. मी त्यात पेन्सिली ठेवते. बालमित्रांनो, आमच्याकडे आलात तर आत बोट घालून बघा. तिन्ही प्रकारच्या खिडक्या हाताला लागतात, आणि जिथे घाई झाली ती जागासुद्धा.

पुढच्या अंकात भेटूया. तोवर तब्येतीला जपा. शालोम!